पहिली-दुसरीच्या वर्गात मुलांनी स्वतः करायचं शब्दकाम : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

पटसंख्या साठच्या आत असली की शाळेला बहुधा दोनच शिक्षक असतात. म्हणजे पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, एकाच बाईंकडे किंवा गुरुजींकडे. बाई दुसरीचं वाचन घेत असतात तेव्हा पहिलीला काम दिलेलं असतं, 'फळ्यावरचे शब्द पाच वेळा लिहा.' दहा मिनिटांत चारपाच जण 'बाई, झालं' म्हणत टेबलाशी येतात, दोघं पेन्सिलीवरून भांडतात, आणि उरलेली मुलं आधी पाच वेळा 'क', मग पाच वेळा 'म', मग पाच वेळा 'ळ' अशी उभी ओळ भरत असतात. 'कमळ' हा शब्द त्यातल्या एकानेही वाचलेला नसतो.

हे अनुलेखन आहे, म्हणजे बघून उतरवणं. हस्ताक्षरासाठी ते ठीक, पण त्याला शब्दकाम म्हणता येणार नाही. मुलांना स्वतः करायला जे काही द्याल त्याला आधी एकच प्रश्न विचारा : हे काम न वाचता पुरं करता येतं का? येत असेल तर मुलं ते न वाचताच पुरं करतात, आणि तेही फार पटकन. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती आहेत.

दुसरी अट अशी की तुमच्यासोबत दोनतीनदा करून झालेलं कामच मुलाने एकट्याने करायचं. नवं अक्षर, नवं स्वरचिन्ह, नवा खेळ स्वयंअध्ययनात कधीही नाही. तिथे फक्त सराव.

पायरी १ : कोण कुठे आहे ते आधी पाहा

प्रत्येक मुलाला शेजारी बसवून दोनतीन मिनिटं द्या. शिकवून झालेली दहा अक्षरं उलटसुलट क्रमाने वाचायला द्या. मग बिनकान्याचे पाच शब्द, मग काना-वेलांटीचे पाच. शेवटी तीन शब्द सांगा आणि पाटीवर लिहायला लावा. हा शेवटचा भाग बरेच जण गाळतात. पाठ्यपुस्तकाचं पान पाठ असलेलं मूल फक्त लिहिताना पकडलं जातं.

यातून साधारण चार गट निघतात : सुटी अक्षरं ओळखतात पण जोडता येत नाहीत अशी मुलं, बिनकान्याचे शब्द वाचणारी, स्वरचिन्हांचे शब्द वाचणारी आणि जोडाक्षरांशी झगडणारी. गट इयत्तेप्रमाणे पाडू नका. दुसरीतली दोघंतिघं पहिल्या गटात येतीलच आणि पहिलीतलं एखादं तिसऱ्यात.

गटांना मोर, चिमणी, ससा अशी नावं द्यायची पद्धत आहे. हरकत नाही, पण 'चिमणी म्हणजे ढ' हे मुलांना महिन्याभरात कळतं. दर महिन्याला गट पुन्हा पाडा आणि नावंही फिरवा.

*तपासा :* सुट्या अक्षरांतच अडकणारी मुलं या कामात एकटी सोडायची नाहीत. ती सध्या तुमच्याजवळ. पहिलीचे पहिले तीन महिने विद्याप्रवेशाचे, म्हणजे खेळांतून शाळेची तयारी करून घेण्याचे असतात, तेव्हा पहिलीसाठी हे काम जूनमध्ये सुरू करायची घाई नको. दुसरीला जूनअखेर चालेल.

पायरी २ : कार्डं कापण्याआधी शब्द ठरवा

इथे उलटा क्रम फार दिसतो. आधी सगळ्या मुळाक्षरांची कार्डं होतात, मग 'यातून शब्द बनवा' अशी सूचना. चाळीसेक कार्डांच्या ढिगातून सहा वर्षांचं मूल शब्द बनवत नाही, ढीग उपसतं.

पाठ्यपुस्तकातल्या ज्या वर्णगटापर्यंत वर्ग पोचला आहे तिथली सातआठ अक्षरं घ्या आणि त्यांतून किती शब्द निघतात ते स्वतः कागदावर लिहून काढा. उदाहरणार्थ क, म, ळ, र, न, ग, ब, स ही आठ अक्षरं आणि सोबत फक्त काना. बिनकान्याचे : नळ, बस, रस, कमळ, मगर, गरम, नरम, सरळ. कान्याचे : काम, कान, नाक, मान, माळ, बाळ, बाग, नाग, राग, बाक, ससा, मासा, नारळ, सकाळ, कामगार. आणि काका, मामा, बाबा, नाना तर मुलं स्वतःच आधी शोधतात. दोनतीन आठवडे पुरेल इतका हा ऐवज आहे.

शब्द निवडताना तीन गोष्टी सांभाळा.

शब्द मुलाच्या कानावरचा हवा. अक्षरं बसतात म्हणून 'नभ', 'खग', 'जल' घुसडले की मूल अक्षरं बरोबर लावतं, पण आपण बरोबर वाचलं की चूक हे त्याला कळायला मार्ग नसतो. बाई शेजारी नसताना 'हा शब्द मी ऐकलाय' एवढाच त्याच्याकडे पडताळा असतो.

घरची बोली लक्षात घ्या. खानदेशात, वऱ्हाडात 'डोया' म्हणणारं मूल डोळ्याचं चित्र पाहून 'य'चं कार्ड शोधणार. ते त्याच्या कानाशी प्रामाणिक आहे. 'न' आणि 'ण'चंही तसंच, 'पानी' ऐकत वाढलेल्या मुलाला 'ण' सुचणारच नाही. असे शब्द आधी सगळ्यांनी मिळून, 'घरी आपण असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितात' म्हणून दोन्ही प्रकारे बोलून घ्या, मगच स्वयंअध्ययनाच्या पाकिटात टाका.

तिसरी गोष्ट चार अक्षरी बिनकान्याच्या शब्दांची. 'सरबत', 'अजगर' दिसायला सोपे, म्हणून ते लवकर दिले जातात. पण ते 'स-र-ब-त' असे बोलले जात नाहीत, 'सर-बत', 'अज-गर' असे बोलले जातात. दोन-दोन अक्षरांत तोडून वाचायची सवय लागेपर्यंत हे शब्द तुमच्यासमोरच.

पायरी ३ : साहित्य

वरच्या आठ अक्षरांसाठी एका संचात किती कार्डं लागतील? आठ बिनकान्याची, आठ कान्याची, आणि काका-मामांसाठी का, मा, बा, ना एकेक जास्तीचं. वीस. ए-फोर आकाराच्या एका जाड कागदातून ५ सेंमी चौरसांची वीस कार्डं निघतात. दोघांत एक संच धरा. चोवीस मुलं असतील तर बारा संच, आणि एक राखीव.

काना-वेलांटी-उकाराची सुटी कार्डं करू नका. ही या सगळ्या कामातली सर्वांत महागात पडणारी हौस आहे. 'कि' बोलताना आधी 'क' ऐकू येतो आणि मग 'इ', पण लिहिताना वेलांटी डावीकडे येते. सुटं वेलांटीचं कार्ड मूल ऐकल्याप्रमाणे उजवीकडेच ठेवणार, आणि तुम्ही दुसऱ्या गटात असताना ते तसंच पक्कं होणार. उकार खाली आणि मात्रा वर, तीही सुट्या चौकोनांनी मांडता येत नाहीत. म्हणून कार्डावर पूर्ण अक्षर : का, कि, की, कु. कार्डांची संख्या वाढते हे खरं, पण एका वेळी एकच स्वरचिन्ह घेतलं तर आवाक्यात राहते.

आणखी काही बारकावे :

- कार्डाच्या खालच्या कडेला रंगीत रेघ मारा. रेघ आपल्या पोटाकडे, एवढं सांगितलं की कार्डं उलटी लागत नाहीत.
- घ आणि ध, भ आणि म, व आणि ब, थ आणि य या जोड्या एकाच नव्या संचात आणू नका. एक पक्कं झाल्यावर दुसरं.
- अक्षराचं वळण पाठ्यपुस्तकातलंच ठेवा. बाजारातल्या तयार कार्डांवर बऱ्याचदा हिंदी वळणाचे ल आणि श असतात. आपला ल पाकळीचा, श देठाचा. पहिलीतल्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटू शकतात.
- प्रत्येक कार्डाच्या मागे संचाचा क्रमांक घाला. जमिनीवर सापडलेलं कार्ड कोणत्या पाकिटातलं हे मुलांनाच कळलं पाहिजे. दाराजवळ 'हरवलेली कार्डं' असा एक डबा ठेवा.
- लॅमिनेशनचा खर्च टाळता आला तर टाळा. खिडकीशी बसलेल्या मुलाला चकाकीत अक्षर दिसत नाही. जाड कार्डशीट आणि ठसठशीत काळा मार्कर पुरे.

चित्रं वेगळ्या पट्टीवर काढा आणि चित्राखाली शब्द लिहू नका. लिहिला की मूल चित्र सोडून शब्दाकडे बघून कार्डं जुळवतं, म्हणजे पुन्हा न वाचता काम पुरं. उत्तराची पट्टी हवीच, पण ती पाकिटात पालथी, शेवटी उघडायची.

पायरी ४ : आधी रीत, मग शब्द

पहिला आठवडा शब्दांचा नाहीच. पाकीट आणायचं, बस्करावर कार्डं पसरायची, काम करायचं, मोजून परत भरायचं, पाकीट जागेवर ठेवायचं. दोन मुलांना हे वर्गासमोर करायला लावा, बाकीच्यांनी फक्त बघायचं. मग विचारा, 'यांनी काय काय केलं?' मुद्दाम एकदा चुकीचं करूनही दाखवायला लावा. कार्डं फेकणं, जोडीदाराची ओढणं. मुलं हसतात आणि नेमकं तेवढंच लक्षात ठेवतात.

अडल्यावर काय करायचं हेसुद्धा शिकवावं लागतं. क्रम असा लावा : भिंतीवरच्या तक्त्यावर बघायचं, नाही सापडलं तर जोडीदाराला विचारायचं, मग गटप्रमुखाला, आणि तरीही नाहीच तर ते चित्र बाजूला ठेवून पुढचं घ्यायचं. बाईंकडे यायचं नाही. कुणी पडलं, लागलं किंवा शू लागली तरच यायचं. एवढं सांगूनही कुणीतरी कार्ड घेऊन येतंच. तेव्हा उत्तर देऊ नका, बोटाने तक्ता दाखवा. त्या दिवशी दया येऊन उत्तर दिलंत, की उद्यापासून रांग.

*इशारा :* गटप्रमुखाने उत्तर सांगायचं नाही, 'बोलून बघ' एवढंच म्हणायचं. हे त्याला वेगळं शिकवा. वर्गातली सर्वांत हुशार मुलगी कायमची गटप्रमुख झाली की बाकीच्यांचे शब्द तीच लावते आणि तिचं स्वतःचं काम राहतं. दर आठवड्याला प्रमुख बदला.

वेळ सुरुवातीला आठदहा मिनिटं. मुलं कंटाळायच्या आधी थांबवा. दिवाळीनंतर वीस मिनिटांपर्यंत न्या, त्याहून जास्त नको. जागा ठरलेली आणि तासही ठरलेला ठेवा. परिपाठानंतरची वेळ चांगली, पोषण आहारानंतरची सर्वांत वाईट.

*तपासा :* तुम्ही काही न बोलता वर्गाच्या एका कोपऱ्यात पाच मिनिटं उभं राहून पाहा. पाचही मिनिटं कुणी तुमच्याकडे आलं नाही, तर पुढच्या पायरीला जायला हरकत नाही. नाही तर आणखी दोन दिवस रीतच.

पायरी ५ : उपक्रम, याच क्रमाने

एका वेळी एकच उपक्रम सुरू करा. एक अंगवळणी पडला की दुसरा. पाच कोपऱ्यांत पाच उपक्रम पाहुण्यांना दाखवायला छान दिसतात, पण मुलांचा अर्धा वेळ आता कुठे जायचं यात जातो.

*(क) चित्र पाहून शब्द मांडणे.* बोला, टाळी वाजवा, मांडा, वाचा, लिहा. चित्र पाहून शब्द मोठ्याने बोलायचा. अक्षरागणिक टाळी : ना-र-ळ, तीन टाळ्या. तीन कार्डं शोधून मांडायची. प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवत वाचायचं, मग एका दमात पूर्ण शब्द. शेवटी कार्डं झाकून पाटीवर लिहायचं. झाकायला विसरू देऊ नका, नाहीतर पुन्हा अनुलेखन. मुलं गाळतात ती पायरी म्हणजे बोलणं. वर्ग शांत हवा या अट्टहासापायी शिक्षकही ती गाळायला लावतात. शब्दकामाच्या वेळी वर्गात गुणगुण असायलाच हवी. पूर्ण शांतता असेल तर मुलं नुसती कार्डं हलवत आहेत असं समजा.

*(ख) एक अक्षर बदला.* मला विचाराल तर सगळ्यांत कसदार उपक्रम हाच. पट्टीवर ओळीने चित्रं असतात आणि प्रत्येक नवा शब्द आधीच्या शब्दातलं एकच कार्ड बदलून होतो. वरच्याच संचातून :

काम → कान → मान → माळ → बाळ → बाक → नाक → नाग → राग → बाग

मुलाला इथे ठरवावं लागतं की पहिलं अक्षर बदललं की दुसरं, आणि ते फक्त बोलून, ऐकूनच ठरतं. नियम एकच, सगळी कार्डं उचलून नव्याने मांडायची नाहीत, एकच उचलायचं. जोडीदाराने एवढ्यावरच लक्ष ठेवायचं.

पुढच्या गटासाठी हाच खेळ स्वरचिन्हांचा : दर, दार, दीर, दूर, दोर. किंवा बळ, बाळ, बीळ, बोळ. किंवा मळ, माळ, मूळ, मेळ. व्यंजनं तीच, बदलतो फक्त स्वर. एका वेळी दोनच स्वरचिन्हं भिडवा, आणि पहिली-दुसरी वेलांटी एकमेकांसमोर कधीही नको, कारण मुलाच्या कानाला तो फरक बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. न ऐकू येणारा फरक एकट्याने सोडवायला देणं म्हणजे अंदाज करायला शिकवणं.

साखळी स्वतः तयार कराल तर आधी स्वतः कार्डांनी करून पाहा. कागदावर जमलेल्या साखळीत हमखास एका जागी दोन अक्षरं बदललेली निघतात.

*(ग) वर्गवारी.* शब्दकार्डांचे दोन ढीग : काना असलेले आणि नसलेले, किंवा मात्रेचे आणि उकाराचे. हा उपक्रम सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवा. मात्रा डोक्यावर दिसते, उकार पायाशी दिसतो, मूल एकही शब्द न वाचता दोन ढीग अचूक करतं आणि आपण शाबासकी देतो. उपाय सोपा. जोडीदार कार्ड झाकून शब्द वाचतो, दुसरा ऐकून ढीग सांगतो, मग कार्ड उघडतं.

चित्रकार्डांनी करायची एक मजेदार वर्गवारी 'च'ची आहे. 'चहा', 'चिमणी' एकीकडे, 'चमचा', 'चाक' दुसरीकडे. अक्षर एकच, उच्चार दोन. मुलांना हे फार आवडतं आणि मोठ्यांच्याही लक्षात आलेलं नसतं. मात्र ही कानाची गंमत आहे, हिची लेखी परीक्षा घेऊ नका.

*(घ) जोडीचं श्रुतलेखन.* एकाने कार्ड वाचायचं, दुसऱ्याने पाटीवर लिहायचं, मग दोघांनी कार्ड शेजारी ठेवून अक्षर-अक्षर पडताळायचं. चुकलेलं अक्षरच पुसायचं, सगळा शब्द नाही. पाच शब्दांनी पाळी बदलायची. वाचणारा कच्चा असेल तर सगळं कोसळतं, तेव्हा जोड्या जवळजवळच्या पातळीच्या लावा. एक फार पुढे आणि एक फार मागे, अशी जोडी इथे चालत नाही.

*(ङ) दुसरीसाठी.* जोडाक्षरं सुरू करताना आधी एकाच अक्षराच्या जोडीची घ्या : हत्ती, गल्ली, पक्का, कच्चा, पत्ता, रस्सा. रफार त्यानंतर बऱ्याच अवकाशाने. आणि वर्षाच्या उत्तरार्धात शब्दांची रूपं : फूल–फुलाला, मूल–मुलाला, चूल–चुलीवर, खीर–खिरीत. चित्र आणि अर्धवट वाक्य द्या, 'पातेलं ____ ठेवलं.' मुलांनी शब्द लिहायचा आणि उत्तराच्या पट्टीशी पडताळायचा. नियम सांगत बसू नका. असे सहासात शब्द समोर आले की दीर्घाचा ह्रस्व होतो हे कुणीतरी आपणहून म्हणतं.

पायरी ६ : तपासणी तीन मिनिटांत

स्वयंअध्ययनाच्या वह्या घरी नेऊन तपासू नका. रात्री मारलेली बरोबरची खूण सकाळी कुणी बघत नाही. त्याऐवजी शेवटची तीन मिनिटं राखा. मुलं पाकिटं भरतात तेव्हा गटातून फिरा, प्रत्येक वेळी सहासात मुलांच्या पाटीवरचा कुठलाही एक शब्द बोट ठेवून वाचायला लावा. लिहिलाय बरोबर पण वाचता येत नाही, म्हणजे बघून उतरवलाय. हजेरीच्या वहीमागे त्या मुलाच्या नावापुढे तो शब्द टिपा. चारपाच दिवसांत सगळा वर्ग होतो.

पहिलीत ह्रस्व-दीर्घाच्या चुकीला लाल खूण नको. मुलाने 'फुल' लिहिलं तर कार्डावरचं 'फूल' शेजारी ठेवा, त्याला बघू द्या, पुढे चला. कार्डं मात्र तुमच्याकडून शंभर टक्के शुद्ध हवीत. चुकीचं कार्ड वर्षभर रोज कुणाला तरी चूक शिकवतं, म्हणून संच वापरात आणण्याआधी सहकाऱ्याकडून एकदा वाचून घ्या.

पायरी ७ : संच कधी बदलायचा

टिपलेल्या शब्दांवरून. गटातली बहुतेक मुलं कार्डं न बघता त्या संचातले कुठलेही पाच शब्द लिहू लागली की नवा संच. नव्यात तीनचार अक्षरंच नवी, बाकी जुनी. जुना संच फेकू नका, तो खालच्या गटाकडे जातो.

काम बिघडलेलं दिसलं तर आधी मुलांना रागावू नका, हे बघा. सगळी मुलं पाच मिनिटांत मोकळी होत असतील तर काम न वाचता होतंय. सगळी तुमच्याकडे येत असतील तर ते तुमच्यासोबत पुरेसं झालेलं नाही, उद्या पुन्हा एकत्र घ्या. एकाच जोडीत रोज भांडण असेल तर बहुधा त्यातल्या एकाला वाचता येत नाही आणि ते झाकायला तो कार्डं ओढतो. त्याची जोडी आणि गट दोन्ही बदला. आणि कार्डंच हरवत असतील तर शनिवारी अर्धा तास पाकिटं मोजायला मुलांनाच बसवा. पाकिटावर कार्डांची संख्या लिहिलेली असली की पहिलीतली मुलंही हे काम चोख करतात, आणि वीसपर्यंत मोजणंही होतं.